बाबांचा पगार कुठल्या रकान्यात?

प्रश्न थोडक्यात: ताई, मी 20 वर्षांची, नाशिकला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही सिडकोत राहतो. बाबांनी सातपूरच्या एका कंपनीत 19 वर्षं नोकरी केली, मग व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेऊन अंबडला भाड्याच्या गाळ्यात दोन लेथ, म्हणजे धातू कातायच्या मशीन, टाकले. जॉबवर्क करतात, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचा माल कातून देतात. 'उद्योजकता' विषयात मला 78 मार्क आहेत. पण मामाने विचारलं, 'भांडवल आणि नफा यातला फरक तुझ्या बापाच्या गाळ्यात दाखव बघू,' तर मला दाखवता आला नाही. फार लाज वाटली. आता कॅम्पसमधून एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात व्हेंडरची, म्हणजे माल पुरवणाऱ्यांची, बिलं तपासायच्या कामाची ऑफर आली आहे, महिना 20,000. जूनमध्ये जॉइनिंग. मामा म्हणतो नोकरी म्हणजे गुलामी, 5 लाखांचं मुद्रा लोन काढ, सबसिडी मिळते, कॉलेज रोडला कॅफे टाक. आजोबा 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ऐकवतात. आई म्हणते नोकरीच सुरक्षित. बाबा गप्प असतात. एकदाच म्हणाले, 'गाळ्याचं मात्र डोक्यात आणू नकोस, ते मुलींचं काम नाही.' मी नोकरी करू की व्यवसाय? आणि हे सगळं शिकायचं तरी कुठे?

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना बाबांच्या त्या एका वाक्यापाशी अडकले. त्याच्याकडे येते, पण आधी तुझ्या लाजेचं बघू. व्याख्या येतात आणि गाळ्यात बोट ठेवून दाखवता येत नाही, यात तुझी चूक नाही. वर्गात तुला कोणी एखाद्या चालत्या दुकानाची वही उघडून दाखवलेलीच नाही. मी अकाउंट्समध्ये 24 वर्षं काढली. नव्याने येणाऱ्या मुलामुलींना ताळेबंद जुळवता येतो, पण समोरच्या बिलाचे पैसे हातात कधी येणार, हे विचारायचं सुचत नाही. ते सुचायला लागलं की धंदा कळायला लागतो, आणि नोकरीही.

म्हणून 'नोकरी की व्यवसाय' हा प्रश्न मी जरा बाजूला ठेवते. घरातल्या चौघांनी तुला चार मतं दिली, हिशोब एकानेही मांडून दाखवला नाही. तो आपण मांडू.

ऑफर लेटरचा फोटो पाठवलास ते बरं केलंस. तू लिहिलंस 'महिना 20,000', कागदावर मात्र 'सीटीसी' लिहिलंय. म्हणजे तू कंपनीला महिन्याला केवढ्याला पडतेस, तो आकडा. खालच्या ओळी वाच. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 14,000, इतर भत्ते 2,950. ही झाली 16,950 ची कमाई, ग्रॉस. त्यावर पीएफमधला कंपनीचा वाटा, 14,000 चे 12 टक्के, म्हणजे 1,680. ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, कंपनीचा वाटा ग्रॉसच्या 3.25 टक्के, 551. ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची, तरतूद 673. उरलेले 146 पीएफसोबत भरायच्या विम्याचे आणि प्रशासकीय खर्चाचे. बेरीज 20,000. आता तुझ्या कमाईतून कापतील ते बघ. पीएफ 1,680, ईएसआय 0.75 टक्के म्हणजे 128. व्यवसाय कर तुला लागणार नाही, कारण महाराष्ट्रात महिलांना 25,000 पर्यंतच्या मासिक पगारावर तो माफ आहे. तुझ्याबरोबर लागलेल्या मुलाचे महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 जातील. तुझ्या हातात येणार 15,142.

यात फसवणूक काही नाही. दर महिन्याला तुझे 1,680 आणि कंपनीचे 1,680 तुझ्या नावाने जमा होत राहतात, कंपनीच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के पेन्शन योजनेत जातात. ईएसआयमुळे आजारपणात उपचार आणि रजेच्या काळातला काही पगार मिळतो, सातपूरचं कामगार विमा रुग्णालय तुझ्या घरापासून लांब नाही. ग्रॅच्युइटीचे 673 मात्र साधारणपणे पाच वर्षं सलग काढलीस तरच दिसतील. मुदतीच्या करारावर घेत असतील तर तो नियम वेगळा आहे, म्हणून करार नीट वाच.

इथे एक गोष्ट सांगते, कारण ती मला महागात पडली. माझ्या पहिल्या नोकरीत 11 महिने पगारातून पीएफ कापला गेला. मी पगाराच्या चिठ्ठ्या कधी जपून ठेवल्या नाहीत, विचारलंही नाही. नोकरी सोडताना कळलं की कापलेले पैसे भरलेलेच नव्हते, आणि कापल्याचा पुरावा माझ्या हातात नव्हता. आता सोय आहे. यूएएन, म्हणजे पीएफचा तुझा कायमचा नंबर, मिळाला की उमंग अॅपवर स्वतःचं पासबुक दिसतं. पहिल्या पगारानंतर दोन महिन्यांनी ते उघड आणि नंतर दर तिमाहीला. पगाराची प्रत्येक चिठ्ठी एका फोल्डरमध्ये ठेव. हे तुझ्यासारख्या प्रत्येकीसाठी लिहिते आहे.

जॉइनिंगआधी एचआरला ईमेलवर विचार: मी कंपनीच्या रोलवर असेन की कंत्राटदाराच्या? कायम, मुदतीच्या करारावर, की अप्रेंटिस? अप्रेंटिसशिप कायदा 1961 सालचा आहे. त्याखाली घेतलं तर मिळतं ते विद्यावेतन, पीएफ-ईएसआय त्याला लागू होत नाही. शिकण्यासाठी तेही वाईट नाही, पण आपण काय घेतोय हे माहीत असावं. मूळ मार्कशीट कोणी ठेवून घेत असेल किंवा डिपॉझिट मागत असेल तर तिथून उठायचं.

आता गाळ्याकडे. मी थोडी रेंगाळणार आहे, कारण तुला जे शिकायचंय त्यातलं बहुतेक तिथे भिंतीवरच्या तारेला टोचलेलं आहे. चलनं. गाळ्यात गेल्यावर ती तार बघ. माल आला त्याचं चलन, माल गेला त्याचं चलन, मधेच एखादी डेबिट नोट, म्हणजे रिजेक्ट झालेल्या पीसेसचे पैसे समोरच्याने कापून घेतल्याचा कागद. बाबांचा अख्खा धंदा त्या तारेवर तारखेनुसार लटकतोय.

आकडे मी धरते, खरे तू बाबांच्या वहीतून भर. महिन्याचं गाळाभाडं 18,000. वीज 9,000. एका लेथवर ऑपरेटर, त्याचा पगार 18,000, दुसऱ्यावर बाबा स्वतः. टिपा, ड्रिल वगैरे टूलिंग 6,000. ऑइल, कुलंट आणि टेम्पो 4,000. दुसऱ्या लेथचा हप्ता 11,000. झाले 66,000. दोन मशीन, रोज 8 तास, 26 दिवस, म्हणजे कागदावर 416 तास. पण सेटिंग, माल यायला उशीर, लाइट, मशीनची कुरकुर धरली तर खरे चालतात समज 300. 66,000 भागिले 300, तासाला 220 रुपये खर्च. एक बुश (मशीनमध्ये बसणारी छोटी गोल नळी) टर्निंग करून, म्हणजे कातून, द्यायचे 14 रुपये मिळतात आणि तासाला 20 निघतात, म्हणजे तासाची कमाई 280. तासाला 60 सुटले, महिन्याला 18,000. बाबा म्हणत असतील, 'चाललंय बरं.'

आता मला सांग, या 66,000 मध्ये बाबांचा पगार कुठल्या रकान्यात आहे?

कुठल्याच नाही. ज्या माणसाने 19 वर्षं कंपनीत काम केलं, जो सकाळी सेटिंग लावतो, दिवसभर मशीनवर उभा असतो, संध्याकाळी बिलाच्या मागे फिरतो, त्याची मजुरी आपण शून्य धरली आणि जे उरलं त्याला नफा म्हटलं. बाबांसारखा माणूस बाहेरून आणायचा तर 25,000 तरी द्यावे लागतील. ते धरले की खर्च 91,000, तासाला 303. आणि मिळतात 280. या आकड्यांत गाळ्याला नफा नाही. बाबांना ऑपरेटरइतकेच 18,000 मिळतात, आणि मशीन बंद पडली तर ऑपरेटरचा पगार चालू राहतो, त्यांचा थांबतो.

मामाच्या प्रश्नाचं उत्तरही याच वहीत आहे. लेथ घ्यायला व्हीआरएसचे जे पैसे घातले ते भांडवल. हप्त्यातली मुद्दल फेडतात तो खर्च नाही, कर्जाने घेतलेलं भांडवल हळूहळू स्वतःचं होतंय. हप्त्यातलं व्याज खर्च. मशीन झिजते तो घसारा, तोही खर्च, खिशातून रोख जात नाही म्हणून विसरला जातो. (वर मी हातहिशोबासाठी अख्खा हप्ता खर्चात धरला, तू नीट मांडशील तेव्हा वेगळा कर.) हे सगळं आणि बाबांची मजुरी वजा जाता उरतो तो नफा.

ही चूक एकट्या गाळ्यातली नाही. निफाड, दिंडोरीकडच्या मुलांचीही पत्रं मला येतात, आणि द्राक्षबागेच्या हिशोबात औषध, खत, मजूर, सगळं असतं, आईवडिलांचे दिवस नसतात. सरकारचा कृषिमूल्य आयोगसुद्धा हमीभावासाठी पिकाचा खर्च काढताना घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत लावतो. आपल्या घरात मात्र ती लावायची सवयच नाही. आजोबांच्या म्हणीतला क्रम ठरवताना कुणी घरच्यांचे राबलेले दिवस मोजले असते, तर तो क्रम तसाच राहिला असता का, याची मला शंका आहे.

दुसरी गोष्ट उधारी. महिन्याला 300 तास, 280 दर, म्हणजे 84,000 चं बिलिंग. पेमेंट तीन महिन्यांनी येत असेल तर कोणत्याही दिवशी बाबांचे 2,52,000 रुपये दुसऱ्याच्या खात्यात पडून आहेत, आणि भाडं, पगार, वीज मात्र दर महिन्याच्या महिन्याला. ते भागवायला जे लागतं ते खेळतं भांडवल. छोटे गाळे बंद पडतात ते बऱ्याचदा काम नसल्यामुळे नाही, काम असूनही हा पैसा न खेळल्यामुळे. वहीत 'बिल फाडलं' आणि 'पैसे आले' अशा दोन वेगळ्या तारखा लिही. तुझ्या 78 मार्कांच्या अभ्यासक्रमापेक्षा या दोन तारखांमधलं अंतर तुला जास्त शिकवेल.

इथे कायदा बाबांच्या बाजूने आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा, 2006 सांगतो की नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं पेमेंट लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत झालं पाहिजे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय 1 एप्रिल 2024 पासून प्राप्तिकरातही तरतूद आली, मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा करून मिळत नाही. त्यासाठी बाबांची उद्यम नोंदणी हवी. ती सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर होते आणि पूर्णपणे मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. खरं सांगायचं तर व्याज मागायला जाशील तर पुढची ऑर्डर जाईल, ही भीती खोटी नाही. म्हणून मी भांडायला सांगत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि 30 व्या दिवशी एक साधा, नम्र ईमेल पाठवा. समोरच्या कंपनीचा ऑडिटर तो क्रमांक बघतो.

आणि आता तुझी ऑफर पुन्हा बघ. व्हेंडरची बिलं तपासायचं टेबल! बाबांसारख्या शेकडो गाळेवाल्यांची बिलं जिथे जाऊन अडतात, त्याच टेबलावर तुला बसायला पगार देत आहेत. बिल का परत जातं, पीओ (खरेदीच्या ऑर्डरचा) नंबर चुकला म्हणून की मालाची आवक नोंदच झाली नाही म्हणून, पेमेंटची यादी कोणत्या वारी निघते, रेट वाढवून मागणारा व्हेंडर कोणता कागद घेऊन आला की त्याचं ऐकलं जातं, हे गाळ्यात बसून 20 वर्षांत कळत नाही. तिथे एका वर्षात कळेल. मामा ज्याला गुलामी म्हणतोय, ती तुझ्या बाबतीत धंद्याची दुसरी बाजू बघायची संधी आहे. फक्त एक काळजी घे. ती कंपनी बाबांची गिऱ्हाईक असेल तर जॉइन होतानाच लेखी सांग आणि बाबांच्या बिलाला हात लावू नकोस. आणि तिथले दर, कागद घरी आणायचे नाहीत. पद्धत शिकायची.

कॅफेचं थोडक्यात. मुद्रा योजना 2015 पासून आहे, 5 लाखांपर्यंतचं कर्ज तिच्या 'किशोर' गटात बसतं, तारण लागत नाही. पण मुद्रामध्ये सबसिडी नाही. मामाची गल्लत होते आहे. सबसिडी आहे ती राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात, तो जिल्हा उद्योग केंद्राकडून चालतो आणि त्यातही आधी स्वतःचे पैसे घालावे लागतात. 5 लाख, समज 11 टक्के, 5 वर्षं: हप्ता सुमारे 10,871. कॉलेज रोडचं भाडं 35,000 धर, दोन पोरांचे पगार 30,000. एका बिलामागे सामान जाऊन 40 रुपये सुटत असतील तर नुसतं बरोबरीत यायला महिन्याला जवळजवळ 1,900 बिलं, रोजची 63. मे महिन्यात कॉलेज बंद असतानाही. आणि या हिशोबात तुझा पगार धरलेला नाही. बाबांची चूक तू नव्याने सुरू करशील. कॅफे वाईट असं मी म्हणत नाही, पण तुझ्या पत्रात कॅफेबद्दल मामाचं एक वाक्य आहे आणि गाळ्याबद्दल सहा. तुझं लक्ष कुठे आहे ते मला दिसतं.

आता बाबांचं वाक्य. 'मुलींचं काम नाही' हे ऐकून तुला राग आला असेल, किंवा वाईट वाटून तू गप्प बसली असशील. मी त्यांना ओळखत नाही, पण अशी बरीच माणसं पाहिली आहेत. स्वतःच्या धंद्यात किती सुटतं हे ज्याला मनातून माहीत असतं, तो मुलीला त्यात ओढायला घाबरतो, आणि तोंडाने भलतंच कारण देतो. कदाचित तसं नसेलही, त्यांना खरंच तसं वाटत असेल. दोन्हीसाठी उपाय एकच. वाद घालू नकोस. लेथ चालवायला मागू नकोस. वही माग. 'बाबा, मला नोकरीला लागायच्या आधी खरी बिलं बघायची आहेत, एप्रिल ते मार्चची तार मला द्या,' एवढंच म्हण. मुलीला अभ्यासाला कागद देणं कुठल्याही बापाला अवघड जात नाही.

म्हणून माझं मत विचारशील तर नोकरी घे. दोन वर्षं मनात धर, जाहीर करू नकोस. पगारातले 3,000 वेगळ्या खात्यात टाकत जा, पुढे काहीही केलंस तरी स्वतःचा हिस्सा म्हणून तेच उपयोगी पडतील. दोन वर्षांनी तू गाळा हातात घेशील, नोकरीतच वर जाशील, की छोट्या गाळ्यांची बिलं आणि हिशोब सांभाळण्याचं स्वतःचं काम सुरू करशील, हे आज ठरवायची गरज नाही. तिसरा पर्याय मला आत्ताच दिसतोय, कारण अंबड-सातपूरला लेथ चालवता येणारे खूप आहेत आणि 30 व्या दिवशी ईमेल पाठवणारे कमी.

ज्यांच्या घरी गाळा नाही, त्यांनी काय करायचं? घराजवळच्या कोणत्याही एका धंद्याशी ओळख काढा, पिठाची गिरणी, झेरॉक्सवाला, भाजीचा गाडा, आणि महिनाभर त्यांचा जमाखर्च लिहून द्या, फुकट. दळणाच्या एका किलोमागे वीज किती जाते हे गिरणीवाल्यालाही बऱ्याचदा नक्की माहीत नसतं, तुम्ही काढून द्याल तर तो उरलेलं सगळं सांगेल. प्रकल्प अहवाल लिहायचा, कर्जाचे कागद कसे करायचे यासाठी महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची प्रशिक्षणं असतात, सातपूरला जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा. पण आधी एक महिना वही लिहा, मग तिकडे जा. नाहीतर तिथलंही पुन्हा व्याख्याच वाटेल.

तुझी परीक्षा एप्रिलमध्ये संपेल, जॉइनिंग जूनला. मधला मे महिना रिकामा आहे. दुपारचा डबा आईऐवजी तू घेऊन जा, दोन तास तिथेच बस आणि तारेवरची चलनं तारखेप्रमाणे लाव. पहिल्या आठवड्यात दर, तास, खर्च काहीच विचारू नकोस. फक्त कोणत्या कंपनीचं कोणतं बिल अजून यायचं आहे, ती नावं बाबांकडून एकेक करून लिहून घे. त्यांना ती सगळी तोंडपाठ असतील. वहीचं शेवटचं पान झालं की मला पुन्हा लिही, आणि बाबांच्या पगाराच्या रकान्यात तू कोणता आकडा घातलास तेही कळव.